गुडघा गेलेला स्पेनचा गडी

छकुलीच्या आजोबांना नव्या जालन्याहून जयवंताबाईचा रामराम. मी लेकीकडं आले, हे ध्यानात हाय ना? का अजून चुलीकडं तोंड करून मलाच चहा मागून राह्यले?

डोळ्याचं आपरेशन बराबर झालं. आता टीव्ही लख्ख दिसतो. काल छकुलीसंगं फुटबॉलची फायनल पाहिली. पोरगी हसत हसत हे लिहून राह्यली, पण बिलकुल खरं सांगते.

स्पेनचा एक गडी चौदा वर्षं मैदानाच्या मधी खेळला. मागच्याकडून चेंडू घ्यायचा, पुढच्याला द्यायचा. तुम्ही कळपाच्या मधी चालून पुढचं-मागचं मेंढरू सांभाळायचे, तसंच. मंग त्याचा गुडघा गेला. लोक म्हणले, संपला. तर हा कडेला उभा राहून पोरांना शिकवायला लागला. काल त्याच पोरांनी कप जिंकला! अन् खांद्यावर कोणाला घेतलं? ह्याला. चेंडूला पाय लावला न्हाई अन् मिरवला नवरदेवावानी! मी अशा टाळ्या पिटल्या की शेजारीण धावत आली.

तवा मेंढरं विकायची भाषा सोडा. कळप बिरूला नेऊ द्या, लेक तुमचाच हाय. तुम्ही बांधावर बसून वरडा. वरडण्यात तुमचा हात कोणी धरणार न्हाई.

गुडघा लई ठणकतो का? मला खरं कळवा.

खाली अंगठा माझाच हाय. तो लावल्यावर आठवलं, एसटीसंगं ठेचा पाठवा. बिरूला कुटू द्या, मीठ-लसूण किती ते तुम्ही खाटेवरून सांगा.