वहिनीचा फ्रॉक

२ जून

चि. छकुलीस आत्याचे भरभरून आशीर्वाद.

पत्र एवढ्यासाठी, की फोनवर मला निम्मं ऐकू येतं आणि उरलेलं तू घाईत गिळतेस. काम अडलंय. शिवणवर्गाच्या बाईंना माझं वेबपान दाखवलं. कात्री आता हातात थरथरते, तेव्हा माझं शिकवणं संपलं. पण माझी चाळीस पेपर कटिंग, कपडा बेतायचे ते कागदी नमुने, तरी मुलींच्या हाती पडावीत, एवढाच जीव अडकलाय. त्यात तुझ्या आईने कापलेलं फ्रॉकचंही आहे.

वर्ग तळघरात भरतो, तिथे नेटवर्क नाही. मुली वर रस्त्यावर लिंक दाबतात, कटिंग छान उघडतं. खाली उतरल्या की पान कोरं. बाई म्हणाल्या, वीस तारखेपर्यंत जमवा, नाहीतर बाजारची छापील कटिंग आणते. त्या कटिंगच्या बाहीत हात वर करून दाखव म्हणावं.

उपाय कळव. पानाला तू हात लावायचा नाहीस, ते माझं मी करणार. हसायचं असेल तर हस, पण उत्तर धाड.

तुझी आत्या

६ जून

ती. आत्यास सा. न. वि. वि.

हसले नाही, फार नाही. ब्राउझरला जी फाइल दाखवता येते, ती तो उघडून दाखवतो. ती फोनवर उतरवून ठेवायची असेल तर लिंकमध्ये इंग्रजी अक्षरांत डाउनलोड हा एक शब्द घालावा लागतो. चाळीस ठिकाणी घाल, म्हणजे झालं. बाबा म्हणतात, गोळ्या वेळेवर घे. मीही तेच म्हणते.

माया आहे ती पातळ होऊ देऊ नकोस.

छकुली

१० जून

चि. छकुलीस आशीर्वाद, पण आज जरा मोजून.

शब्द घातला. दोन दिवस मोडले, मान धरली. आता प्रत्येक कटिंगच्या नावापुढे तो शब्द ठळक दिसतो, आणि दाबलं की कटिंग पहिल्यासारखंच उघडतं. शेजारीण म्हणाली, शोभा आली. दहा दिवस उरलेत. बाजारची कटिंग आली तर माझी कपाटात जातील, आणि तिथून काही परत येत नाही, हे मला माहीत आहे.

रागावले नाही. घाबरले आहे.

आत्या

१३ जून

ती. आत्यास सा. न. वि. वि.

शब्द तू लोकांना वाचायला ठेवलास. तो ब्राउझरसाठी आहे. तू लेबल कॉलरच्या आत शिवतेस ना, तसा तो टोकदार कंसाच्या आत, फाइलच्या पत्त्यानंतर जातो. एक ओळ पूर्ण लिहून सोबत चिठ्ठी जोडली आहे.

दुसरी चूक माझी, कान धरते. फाइली मी माझ्या साइटवर ठेवल्या होत्या. दुसऱ्याच्या घरातल्या फाइलीसाठी ब्राउझर तो शब्द मानतच नाही. आता सगळ्या तुझ्या साइटवर हलवल्यात, नवे पत्ते चिठ्ठीत आहेत. शब्दापुढे बरोबरचं चिन्ह (=) देऊन अवतरणात नाव लिहिलंस, तर फाइल त्याच नावाने उतरते. नाहीतर मुलींना 'स्कॅन ४७' असल्या नावाची फाइल मिळेल.

घाबरू नकोस. तुझी बाही मी अजून घालते.

छकुली

२१ जून

चि. छकुलीस आत्याचे न मोजता आशीर्वाद.

जिंकलो गं. काल अठरा मुलींनी वर रस्त्यावर लिंका दाबल्या आणि काहीच उघडलं नाही. बाईंनी घड्याळ पाहिलं. तशाच खाली गेलो, मुलींनी फोनमधल्या फाइली काढल्या, तर सगळी कटिंग हजर, आपापल्या नावानिशी. बाजारच्या कटिंगचं बाईंनी नावच काढलं नाही. उलट मंगळवारपासून मला खुर्चीत बसून शिकवायला बोलावलंय. हात थरथरतो, जीभ थोडीच थरथरते.

मग बाईंनी विचारलं, 'वहिनीचा फ्रॉक' यातली वहिनी कोण. मी सांगितलं, माझ्या भावाची बायको. तिने चादर फाडून लेकीचा पहिला फ्रॉक शिवला, ते हे कटिंग. ती गेली, त्याला बारा वर्षं झाली. मग अठराही जणींनी पहिल्यांदा तेच कापायला घेतलं.

तुझी आई आता अठरा फोनांत आहे, छकुली. नेटवर्क गेलं तरी जायची नाही.

अशीच माझी राहा.

आत्या