तियामिकेची हजेरी

चिया, तळ्याकाठी
१४ नोव्हेंबर, मंगळवार

चि. एनिफास,
थोरल्या बहिणीचा आशीर्वाद. इकडे सगळं बरं आहे, तूही जोबर्गला बरी असशील. पैसे पोचले. मी फोन मधेच ठेवला म्हणून राग धरू नकोस. तू रडत होतीस. रडणाऱ्या माणसाशी काय बोलायचं ते मला कळत नाही.

तळ्यात उसिपा मासळी लागायला लागली आहे. बारकी आहे, पण लवकर वाळते. सुकटीसाठी बांबूचा मांडव मी नवा बांधला. खाते, झोपते.

आमच्या कर्जगटाचं मात्र अडलं होतं. पाचजणी लागतात, एकमेकींना जामीन. आपली तियामिके पाचवी. पोर पटकीनं गेली, तिचं कर्ज माफ, फक्त ती गेल्याची मुखियाची चिठ्ठी द्यावी लागते. ती मी दिली नाही. दर मंगळवारी कर्जवाला गोंडवे साहेब आंब्याखाली नावं वाचतो. तियामिकेचं वाचलं की मीच ‘हजर’ म्हणायची आणि तिचा हप्ता पुढे करायची.

“आई, माफ होतंय की. कशाला भरता?” साहेब म्हणायचा.

“माफी मागितली कुणी?” म्हटलं.

घरात सगळे तिचं नाव गिळून बोलतात. तिथं आंब्याखाली कुणीतरी मोठ्यानं घ्यायचं.

पण तिचं नाव निघाल्याशिवाय नवी बाई घेता येईना, आणि पाच झाल्याशिवाय नवं कर्ज नाही. होड्या भरून येत होत्या, पण मासळी विकत घ्यायला पैसा नाही, चौघींच्या टोपल्या रिकाम्या. शेवटी शेजारची फालेसी दारात येऊन उभी राहिली. तीही गटातलीच.

“अगं, तू मेलेल्या पोरीची हजेरी लावतेस आणि तळ्यावर आम्हा जित्यांची गैरहजेरी लागते. माझी पोरं काय तुझी चिठ्ठी खातील?”

तोंडाळ आहे मेली. पण तियामिकेला पुरलं त्या दिवशी माझ्या चुलीवर मक्याच्या पिठाची सिमा हिनंच ढवळली होती. मी म्हटलं, “बैस, जेव.” बसली नाही.

काल मुखियाकडे गेले. त्यानं कोंबडी मागितली, दिली. आज साहेबानं नाव खोडलं आणि तिथंच मालिताचं घातलं. मालिता म्हणजे मिठाच्या दुकानामागे राहते ती विधवा. नाव पुकारलं तर बया माझ्याकडेच बघत बसली.

“मोठ्यानं बोल,” मी म्हटलं, “साहेबाला ऐकू गेलं पाहिजे.”

बोलली. कर्ज मिळालं. उद्या पहाटे सगळ्याजणी होड्यांवर जाणार, मीही जाणार. मला काही वाटलं नाही. अजून वाटत नाही.

एकच सांगते. लेकीचं नाव तोंडी यायला नको म्हणून बाजारातल्या बायका आता मला कागदावरच्या नावानं हाक मारतात. मी ओ देत नाही. तू तरी पाकिटावर जुनंच लिही. पत्र मलाच पोचेल.

तुझी थोरली,
तियामिकेची आई