मेलेल्याच्या हातचं पाणी

मी, श्रीमती शेवंता रत्नाकर नंदेश्वर, वय ७१, धर्म बौद्ध, डिफेन्स फॅक्टरीच्या शिलाई विभागातून निवृत्त, राहणार गढा, जबलपूर, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने आणि स्वतःच्या अकलेने लिहून ठेवते. माझं डोकं ठिकाणावर आहे. माझा धाकटा भाऊ मुरलीधर लहानू गजभिये म्हणेल की ताईचं डोकं फिरलं होतं, म्हणून डॉक्टरचा दाखला सोबत टाचला आहे. माझ्यावर कोणाचा दबाव नाही. राग मात्र आहे, भरपूर आहे, आणि रागाने मृत्युपत्र रद्द होत नाही हे वकिलाला विचारून घेतलं आहे.

१. माझे यजमान वारले, मला मूलबाळ नाही. म्हणून गढ्याचं घर आपलंच, असं मुरलीधर धरून चालला आहे. मागल्या वर्षी मी दवाखान्यात पडले होते तेव्हा हा गडी मिस्त्री घेऊन आला आणि पुढच्या भिंतीचं माप घेऊन गेला. म्हणे शटर लावू, दुकान काढू. मुरलीधर, ते माप चुलीत घाल. घर माझ्या पगारातून बांधलेलं आहे, माझ्या नावावर आहे, आणि ते मी तुझ्या मुलाला, रत्नाकर मुरलीधर गजभिये याला देते.

२. मुरलीधरला मुलगा कुठून आला, असं समाजातले लोक विचारतील. सगळ्यांना माहीत आहे ते एवढंच, की त्याची एकुलती एक मुलगी नागपुरात तापाने गेली. कोणी गेलेलं नाही. ते लेकरू मुलगा होतं, शाळेत असल्यापासून तोंडाने सांगत होतं, आणि घरात कोणी कान दिला नाही. मोठेपणी त्याने बापासमोर उभं राहून सांगितलं तेव्हा मुरलीधरने काय केलं ते ऐका. दरवर्षी विहारात माईकवर बावीस प्रतिज्ञा खड्या आवाजात म्हणणारा हा माणूस पोराला सिहोऱ्याकडच्या एका झाडफूकवाल्याकडे घेऊन गेला. त्याने कडुनिंबाच्या फांदीने पाठ सोलून काढली. त्यानंतर एक शिकलेला डॉक्टर गाठला. तो हसला आणि म्हणाला, लग्न करून द्या, सब ठीक हो जाएगा. स्थळही ठरलं. तेव्हा पोर एक बॅग घेऊन माझ्या दारात आलं.

त्याच आठवड्यात मुरलीधरने घरी कार्यक्रम आहे म्हणून माझा मोठा तांब्या मागून नेला. मी गेले, तर समोर माझ्या लेकराचा दोन वेण्यांचा फोटो, वर हार, समोर मेणबत्त्या. भंतेजी बसलेले, अर्धी वस्ती बसलेली. आणि मुरलीधर माझ्याच तांब्यातून थाळीत जलदानाचं, मेलेल्याच्या नावाचं, पाणी सोडून राहिला होता. ज्याच्या नावाने पाणी सोडलं ते पोर त्या वेळी माझ्या स्वयंपाकघरात पोहे खात होतं! मी मुरलीधरला बाजूला ओढलं. तो म्हणाला, "ताई, काहून जिवाला लावून घेते? आमच्यासाठी गेली, समजून घे ना."

मी तिथेच सगळ्यांसमोर त्याचं थोबाड रंगवणार होते. पण आधी अंगणात जाऊन घरी फोन लावला. पोर म्हणालं, "आत्या, रहने दो ना. मेलेल्याला कोणी ढूंढत नाही. लग्नाची बात भी खतम." म्हणून मी दात आवळून परत जाऊन बसले. सगळ्यांना खीर वाढली, मी जेवले नाही. तांब्या मागून आणला, तोही त्याने घासून दिला नव्हता.

३. आता लपायचं कारण उरलं नाही. रत्नाकर सज्ञान आहे, कमावता आहे, कलेक्टर ऑफिसचं प्रमाणपत्र आणि आधार त्याच्या खऱ्या नावाने आहे. "आत्या, आता माझं नाव घे," असं त्यानेच सांगितलं, म्हणून लिहिते. नाव माझ्या यजमानांचं. कपाटात त्यांचे शर्ट पडून होते, नावही पडून होतं. शर्ट आल्टर करून दिले, नाव होतं तसंच बसलं. जुनं नाव मी या कागदावर लिहिणार नाही.

४. घराच्या मागच्या खोलीत आज तीन पोरं राहतात, अशीच घरून हाकललेली. कोणाला मुलगा आवडतो म्हणून बापाने पट्ट्याने मारलं, कोणाला शाळेतच पोरांनी छळून काढलं. ही खोली रत्नाकरने विकायची नाही, भाड्याने द्यायची नाही. सरकारी दवाखान्यातल्या नर्स लता डोंगरे रविवारी येऊन त्यांच्याशी बोलतात. त्यांच्यामुळे कागद झाले, न हसणारा डॉक्टर मिळाला, एक पोर परत परीक्षेला बसलं. चालत आलंय ते तसंच चालवावं: आलेल्याला आधी जेवायला वाढावं, मग नाव विचारावं, आणि जे सांगेल तेच म्हणावं. त्याच्या मर्जीशिवाय घरी फोन करू नये. दवाखान्यात, ठाण्यात, शाळेत एकटं पाठवू नये, सोबत मोठं माणूस जावं. माझी पोस्टातली बचत याच कामाला लावावी. माझी शिलाई मशीन खोलीतच राहील. ज्याला जे घालायचं ते त्याने शिवून घालावं.

कोणी दारात येऊन "हे मुलगा का मुलगी?" विचारेल, त्याला चहा देऊ नये. माझ्या नात्यातला असेल तर पाणीही नाही.

५. भावजय प्रतिमा. त्या जलदानाच्या दिवशी ती खोटं रडत नव्हती. अजून महिन्या-दोन महिन्यांनी मागच्या गल्लीने डब्यात तिळाची चटणी घेऊन येते, पोराच्या तोंडावरून हात फिरवते आणि दिवे लागायच्या आत परत जाते. माझ्या पाटल्या प्रतिमाला. अट एकच, त्या घालून तिने पुढच्या दाराने यावं. वस्तीने पाहू दे.

६. मुरलीधरला तो फोटो. हार प्लास्टिकचा आहे, सुकलेला नाही. कार्यक्रमानंतर तो माळ्यावर फेकला होता, प्रतिमाने माझ्याकडे आणून दिला. फोटो फुकट मिळणार नाही. "माझा मुलगा रत्नाकर याच्या हातून मिळाला" असं लिहून सही करावी लागेल. सही केली नाही तर फोटो विहारात भंतेजींकडे द्यावा, आणि हा कोणाचा हे त्यांनी मुरलीधरलाच विचारावं. दुसरं काही त्याला देत नाही. मी त्याला माफ केलेलं नाही, मरताना करीन अशी आशाही त्याने धरू नये.

७. या मृत्युपत्राच्या व्यवस्थापक लताताई राहतील. मुरलीधरने कोर्टात ओढलं तर घाबरू नये, त्याला तिथे आधी हे सांगावं लागेल की ज्याच्याशी भांडतोय तो जिवंत आहे.

८. माझा जलदान विधी त्याच अंगणात, मुरलीधरच्या घरी व्हावा. बहिणीच्या कार्याला तो नाही म्हणू शकणार नाही, लोक काय म्हणतील हे त्याला फार असतं. ज्यांना तेव्हा बोलावलं होतं त्या सगळ्यांना बोलवावं. लताताईंनी हा कागद माईकवर पूर्ण वाचावा, कलम दोन जरा सावकाश. मग मुरलीधरला पुढे बसवावं. तांब्या मी रत्नाकरला देते. त्याने तो लख्ख घासून आणावा, बापासमोर बसावं, आणि माझ्या नावाने पाणी स्वतःच्या हाताने सोडावं. थाळी भरून वाहीपर्यंत मुरलीधरने तिथून उठायचं नाही.

वरील मजकूर मी वाचला, पटला, आणि आम्ही तिघांनी एकमेकांसमोर सह्या केल्या. सोमवारी रजिस्ट्री ऑफिस उघडलं की नोंद करून घेईन.

(सही) शेवंता रत्नाकर नंदेश्वर

साक्षीदार:
१. लता डोंगरे, नर्स, जबलपूर (सही)
२. भैयालाल साहू, कापड दुकान, बडा फुहारा (सही). यांना मराठी वाचता येतं, तरी मी मोठ्याने वाचून दाखवलं. सही करताना म्हणाले, "दीदी, उस दिन खीर मैंने भी खाई थी. अबकी बार आगे बैठूंगा."

स्थळ: गढा, जबलपूर
दिनांक: १४ ऑक्टोबर २०२३, धम्मचक्र प्रवर्तन दिन