कृपाचं संशोधन पाहुणे प्यायले

भिंगार, १२ मे १९४८

प्रिय विल्सनरावांस याकोबचा सप्रेम सलाम. मद्रासच्या उन्हात आपण व वहिनी सुखरूप असाल, आपला गुडघाही वळणावर आला असेल. इकडे देवदयेने सर्व ठीक. फक्त माझी छाती रविवारपासून धडधडते आहे, आणि त्याला कारण आपली भाची.

कृपा एम.एस्सी. झाली तेव्हा मला वाटलं, आता शाळेत शिकवील, लग्न करील. पण मुंबईहून येताना तिने ट्रंकेत साड्यांऐवजी बाटल्या भरून आणल्या. बाटल्यांत समुद्राचं पाणी! (इथे प्यायचं पाणी पखालीने विकत घ्यावं लागतं, आणि ही खारं पाणी रेल्वेने आणते.) त्यात म्हणे डोळ्यांना न दिसणारे जीव असतात, मासे त्यांच्यावर जगतात, आणि त्यांचा अभ्यास करून ही विद्यापीठात संशोधक होणार. मी शाळेत भूगोल शिकवतो. समुद्रात मासे नि जहाजं असतात, एवढ्यावर माझं आजवर भागलं आहे.

रविवारी उपासनेनंतर केडगावहून स्थळ आलं. मुलगा योहान शेतकी कॉलेजात शिकलेला, सरकारी शेतावर जिराईत पिकांचं संशोधन करतो. सोबत त्याची आत्या दगडाबाई. (नाव सार्थ आहे.) नेमका त्या दिवशी पखालवाला फिरकला नाही. आपल्या भगिनीला, म्हणजे आमच्या दीनाला, कृपाच्या खोलीत त्या बाटल्या दिसल्या. लेकीने हौसेने मुंबईच्या नळाचं पाणी आणलं, अशा समजुतीत तिने त्याचं लिंबाचं सरबत केलं.

दगडाबाईंनी एक घोट घेतला आणि धावत जाऊन जास्वंदीच्या बुडाशी थुंकल्या. योहानने मात्र डोळे मिटून सबंध पेला संपवला. (इतकं आज्ञाधारक मूल माझ्या वर्गात कधी आलं नाही.) तेवढ्यात कृपाने रिकाम्या बाटल्या पाहिल्या आणि पाहुण्यांसमोर किंचाळली, "आई, माझं संशोधन प्यायला दिलंस!"

"काय हुतं ह्यात?" दगडाबाईंनी विचारलं.

"जिवंत जीव होते."

दगडाबाई मटकन खाली बसल्या. आणि योहान काय म्हणाला असेल? "यात मीठ किती असतं हो? पाथर्डीकडच्या काही विहिरी अशाच मचूळ झाल्यात, ज्वारी पिवळी पडते." कृपाने डोळे पुसले. मग दोघं मिठावर, मुळांवर, पावसावर बोलत बसले ते ऊन उतरेपर्यंत. लग्नाचं नावही कोणी काढलं नाही. निघताना दगडाबाई म्हणाल्या, "मास्तर, आमाला सून पायजे, समुद्र न्हाई." योहान हळूच म्हणाला, "आत्या, मला चालेल." (सून की समुद्र, हे अजून कळलेलं नाही.)

त्यावर कृपाने जाहीर केलं, मद्रासला संशोधनाची जागा मिळाली आहे. ती आधी, लग्न मागून. विल्सनराव, परमुलखात मुलीने एकटीने कोळ्यांच्या होडीतून समुद्रात जायचं? मी साफ नाही म्हटलं आहे. मामाचं ती ऐकते. आपणही खरमरीत नकार लिहावा.

आपला हबकलेला,
याकोब

ता.क. नकार लिहू नये. दीना रविवारपासून माझ्याशी बोलत नव्हती. आत्ता बोलली ती इतकंच: "मला सातवीतून काढलं, तेव्हाही घरचे पुरुष असेच घाबरले होते." (त्यांत आपणही होता, असं तिचं म्हणणं.) सबब कृपा सोमवारच्या गाडीने निघते आहे. आपल्याकडेच राहील.

आणखी एक. पोचवायला दीनाही येते आहे. परत कधी येणार, ते सांगत नाही. मला चहासुद्धा करता येत नाही. कृपया तिला विचारून तारेने कळवावं.