‘फ्लेक्सिबल’ या शब्दाविषयी मेहुण्यांस

बरकतपुरा, हैदराबाद
२ फेब्रुवारी १९९८

श्रीयुत लक्ष्मणरावांस दिगंबराचा साष्टांग नमस्कार.

आपली प्रकृती ठीक असेल, मालनवहिनींच्या दम्यानं या थंडीत फार उचल खाल्ली नसेल आणि नांदेडात निदान एक दिवसाआड तरी नळाला पाणी येत असेल, अशी आशा करतो. आपली धाकटी बहीण, म्हणजे आमची अलका, गेले अठरा दिवस आपल्याकडे विश्रांतीला आली आहे, तीही मजेत असेल. (विश्रांती हा शब्द मी इथल्या शेजाऱ्यांसाठी वापरतो. तुम्हाला तिनं काय सांगितलं आहे, देव जाणे.) मी चार वेळा फोन केला. चारही वेळा वहिनी म्हणाल्या, ती आंघोळीला गेली आहे. पाण्याची एवढी टंचाई असलेल्या गावात इतक्या आंघोळी कशा होतात, हे विचारायचं अगदी ओठांवर आलं होतं, पण आवरलं.

पत्रास कारण एक शब्द आहे, आणि त्या शब्दाला कारण कुकटपल्ली. आमच्या मुलानं, योगेशनं, तिथे शहराच्या पार दुसऱ्या टोकाला तळमजल्यावर फ्लॅट घेतला असून आम्हा दोघांसाठी एक खोली ठेवली आहे. अलकाचे गुडघे आणि आमच्या भाड्याच्या घराच्या बावीस पायऱ्या यांचं अलीकडे पटत नाही, त्यामुळे तिचं मन तिकडे. माझं इकडे. इथे माझा गुरुवारचा वाचनालयाचा फेरा, चिक्कडपल्लीची भाजी, चार वाजता निवृत्त तहसीलदारांबरोबरचा अर्धा कप चहा. हे सगळं मी तिला तिसऱ्यांदा समजावून सांगत असताना, चौतीस वर्षांत माझ्यासमोर इंग्रजी शब्द न उच्चारलेली ती बाई म्हणाली, “अहो, जरा फ्लेक्सिबल व्हा की!”

लक्ष्मणराव, दुसरा कुठलाही नवरा त्या क्षणी रागावला असता किंवा गप्प बसला असता. मी एकतीस वर्षं शाळेत मराठी शिकवलेलं. शिवाय आमच्या मंडळाच्या शब्दसमितीचा चिटणीस. (समितीत दोनच सभासद उरले आहेत, दुसरे तहसीलदार.) मी बाई ऐकली नाही, शब्द ऐकला. म्हणालो, “त्याला मराठीत लवचीक म्हणतात.” इथे थांबलो असतो तर एका थंड चहावर निभावलं असतं. पण मी उठून कोश आणला आणि लवचीक, परिवर्तनशील, शिथिल, चंचल, अस्थिर असे सगळे जवळचे शब्द, वर्गात सांगावेत तसे, वाक्यात उपयोग करून सांगितले. शिक्षकाला उदाहरण समोरचंच घ्यायची सवय. ‘चंचल’साठी मी तिची साडी-खरेदी घेतली आणि ‘अस्थिर’साठी तिचे गुडघे. दुसऱ्या दिवशी सकाळी बॅग भरून तिनं काचीगुडा स्टेशनची रिक्षा बोलावली.

तेव्हापासून हा शब्द माझ्या पाठीस लागला आहे. बाजार खुला झाल्यापासून तो प्रत्येकाच्या तोंडी दिसतो. सूनबाई प्राजक्ता पुण्याची, कॉम्प्युटरवाली. तिच्या ऑफिसची वेळ फ्लेक्सिबल आहे, म्हणजे जायची ठरलेली आहे आणि यायची नाही. योगेशची नोकरी फ्लेक्सिबल, म्हणजे साहेब उद्या त्याला कुठेही धाडू शकतो. मी या साऱ्यांची वहीत नोंद करू लागलो तेव्हा एक गंमत दिसली. सरकारनं शब्द फिरवला की लवचीक धोरण, पुढाऱ्यानं फिरवला की चंचल वृत्ती. आणि घरातल्या बाईनं जन्मभर सगळ्यांसाठी स्वतःला फिरवलं, तर त्याला शब्दच नाही. तिचा स्वभावच तसा, म्हणून आपण वही मिटतो.

परवा मोरीतला नळ गळू लागला. (अलका असताना तो गळत नसे, की गळत असे आणि मला कळत नसे, याचा विचार चालू आहे.) महबूब प्लंबर आला आणि गुंडाळीतून एक वळणारी नळी काढून म्हणाला, “मास्टरसाब, ये फ्लेक्सिबल है.” हातातलं काम टाकून मी वही आणली आणि अर्थ विचारला. तो म्हणाला, “दीवार का पाइप बी कड़क, नल बी कड़क. दोनों हिलते नै साब. बीच में ये रहता, सब का खिंचाव येच सहता.” मी विचारलं, किती वर्षं टिकते? तर म्हणाला, “कोई देखताच नै साब. फटी तो मालूम होता.” मी ते वहीत लिहिलं नाही.

कोश जागेवर ठेवताना त्याच्या मागे तुमचं जुनं पत्र सापडलं, १९६४चं, लग्न ठरतानाचं. त्यात तुम्ही लिहिलं होतं, ‘मुलगी जुळवून घेणारी आहे.’ हे वाक्य मला पाठ होतं. चौतीस वर्षं मी ते एखाद्या हमीपत्रासारखं वापरलं. पण त्याच्या खालची ओळ मी कधी नीट वाचलीच नव्हती. ‘आपणही तसेच असाल, या भरवशावर तिला पाठवीत आहोत.’ लक्ष्मणराव, मला फार लाज वाटली.

असो. कुकटपल्लीबद्दलचं माझं मत कायम आहे. तिथे मराठी वर्तमानपत्र दुपारी येतं म्हणे. वहिनींना नमस्कार.

आपला,
दिगंबर

ता. क. हे पत्र अलकाला मुळीच दाखवू नये.

ता. क. दुसरा. दाखवल्यास हरकत नाही, पण तिचा चष्मा इथेच टीव्हीवर राहिला आहे. तेव्हा तुम्हालाच वाचून दाखवावं लागेल. गुडघ्यांचा मजकूर गाळावा आणि १९६४चा सावकाश वाचावा.

ता. क. तिसरा. वाचनालयाचा गुरुवार बदलून रविवार करून घेतला आहे आणि घरमालकांना महिन्याभरात घर सोडत असल्याचं काल कळवलं. ही गोष्ट तिला मीच सांगेन, तुम्ही सांगू नये. शनिवारी चष्मा घेऊन मी स्वतः नांदेडला येतो. त्या वेळी ती आंघोळीला गेलेली नसावी, एवढं पाहा. गेलीच असेल, तर बाहेर बसायला एक खुर्ची ठेवा.