दुपारचं पाणी

सायखेडा, जि. नाशिक

तीर्थरूप नानांस, गोदावरीच्या वरच्या अंगाहून दीपमालेचा नमस्कार.

मी मजेत आहे. खोकला बराच कमी आहे. तुमचे गुडघे काय म्हणतात? नांदेडला नदीला पाणी आहे का?

इथे खडस मासा परत आणायचं आमचं काम चाललंय. पूर आला की हा मासा अंडी घालायला प्रवाहाविरुद्ध वर चढायचा. आता चढायला कुणी उरलंच नाही. पिल्लं सोडण्याआधी पाण्यात प्राणवायू किती, ते मी मोजते. पहाटे तो सगळ्यात कमी असतो, म्हणून पहाटेच मोजला. मासा जगेल इतका नव्हता.

आमचे साहेब म्हणाले, "मॅडम, दुपारी मोजा की! उन्हात शेवाळ भरपूर प्राणवायू सोडतं."

"आणि पहाटे मासे श्वास रोखून बसणार का?"

"पाहुणे दुपारीच येणारेत."

आज दुपारी पिल्लं सोडली. हार, भाषणं, फोटो, सगळं यथासांग झालं. फोटोत मी हसतेय, आईला दाखवा.

निघताना साहेब हळूच म्हणाले, "उद्या उजाडायच्या आत जाळं घेऊन या. वर तरंगलेलं लोकांनी बघायला नको."

जाळं दाराशी काढून ठेवलंय. तेवढं आईला सांगू नका.

तुमची,
दीपमाला