रस्त्यात गेलेलं रान

आबा, आज तुमच्याशी भांडायचंय. तुम्ही होता तेव्हा तुमच्यापुढं तोंड उघडायची घरात कुणाची टाप नव्हती. आता तुम्हाला उलट बोलता येत नाही, तेव्हा मीही जरा मोकळा सुटतो. गोष्ट विहिरीकडच्या रानाची आहे. हायवे चौपदरी व्हायचा होता आणि त्यात आपलं सगळ्यात चांगलं रान जात होतं. गाव चावडीत माना खाली घालून बसलेलं, आणि तुम्ही उठून म्हणालात, "माजं घ्या." कुणी मागायच्या आत. धाकटे काका म्हणाले, "आवं दादा, जरा दमानं घ्या. रान गेलं की परत न्हाई यायचं." तुम्ही फौजेत आयुष्य काढलेला माणूस, ताठ उभं राहून सांगितलंत, "रान जाईल, पर पोरगं घरी ऱ्हाईल." मी तेव्हा आयटीआयला होतो, मागं दाराशी उभा होतो. तुमचा लय अभिमान वाटला होता मला, ते नाकारत नाही.

तुम्ही तसं का बोललात तेही मला ठाऊक होतं. वर्षातून दोनदा तुम्ही सुट्टीवर यायचात, ती हिरवी ट्रंक घेऊन. मी चार-पाच वर्षांचा असेन. चुलीपुढं तुम्ही जेवायला बसलाय आणि मी आईच्या पदराआडून विचारतोय, "ह्ये कवा जाणार?" आई मारायला उठली. तुम्ही तिचा हात धरलात, म्हणालात, "बरोबर इचारतंय. पावण्याला इचारत्यात तसंच की." आणि अर्धी भाकरी ठेवून हात धुतलात. हे मला थोडं आठवतं, बाकी आईनं इतक्यांदा सांगितलंय की सगळं मीच पाहिल्यासारखं वाटतं. तेव्हापासून तुमच्या डोक्यात एकच बसलं, पोरानं रोज संध्याकाळी आपल्या घरात जेवायचं. घाटापलीकडं शिरवळला कारखाने येत होते. रस्ता झाला की पोरगं कामावर जाईल आणि दिवेलागणीला परत येईल, इतका साधा हिशोब.

रस्ता सुरू झाल्यावर तुम्ही मला मोटरसायकलवर मागं बसवून शिरवळला नेलंत. बोगद्यातनं पलीकडं निघालो तेव्हा रस्ता रिकामा, गुळगुळीत, एखादाच ट्रक. कारखान्याच्या फाटकासमोर गाडी थांबवून तुम्ही म्हणालात, "बगितलंस? घरचा चा पोटात गरम हाय अजून. डबा कशाला न्यायचा, जेवायलाबी घरी यील माणूस." तुम्ही एवढे मोकळे हसलेले मी दुसऱ्यांदा पाहिले नाहीत. पुढच्याच वर्षी तुम्ही गेलात. बरं झालं, असं कधीकधी मनात येतं. बापाबद्दल असं येऊ नये, पण येतं.

कारण आता बघा. सकाळी अंधारात कंपनीच्या बसमध्ये चढतो आणि बस आपल्या रानात येऊन उभी राहते. अगदी आपल्या रानात. विहीर बुजवली तिथं दुभाजक आहे, त्यात कण्हेर लावलीय, आणि बरोबर तिथंच बोगद्याकडं जाणाऱ्या गाड्यांची शेपूट येऊन टेकते. सीझन असला की उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या, शनिवार-रविवारी पुण्याच्या मोटारी, एरवी कंटेनर, आणि बारा महिने रस्त्याचं कसलं तरी काम. खिडकीतून आपल्या घराचे पत्रे दिसतात. आई अंगणात पाणी तापवतेय तेही दिसतं. घरातून निघून तास होतो आणि मी अजून घराच्या दारातच. कंपनीत अंगठा लावायच्या मशीनला यातलं काही कळत नाही, तीन उशीर झाले की अर्धी रजा गेली. आमचा साहेब शिरवळातच राहतो, पोरगेलासा आहे. म्हणतो, "काका, ट्रॅफिक रोजचंच आहे ना? मग लवकर निघायचं." आता याहून लवकर निघायचं म्हणजे आदल्या दिवशीच निघायला पाहिजे.

आणि काकांचं काय झालं माहीत आहे? ते अडून बसले, दोनदा मोजणी करून घेतली, आणि त्यांचा पट्टा रस्त्याच्या कडेला शाबूत राहिला. तिथं त्यांच्या पोरानं हॉटेल टाकलंय. गाड्या तुंबल्या की त्याचा धंदा. मला बसमध्ये बघितलं की खिडकीशी येतो, "दादा, चा पाठवू का?" पैसे घेत नाही, घरचाच हायस म्हणतो. दुपारी तो घरी जाऊन ताज्या भाकरीशी जेवतो आणि संध्याकाळी पोरांना घेऊन ओट्यावर बसतो. ज्यानं रान दिलं नाही त्याचं पोरगं घरी राहिलं, आबा. तुम्ही हात दाखवून अवलक्षण करून घेतलंत, आणि भोगतोय मी.

बोगदा फक्त जायला, येताना घाट. चढावर एखादा ट्रक बंद पडला की झालं, ड्रायव्हर इंजिन बंद करतो आणि सगळे मोबाइलमध्ये डोकं घालतात. घरी पोचतो तेव्हा मुलगी झोपलेली असते. रविवारी ती मला तांब्या-भांडं भरून पाणी आणून देते आणि बाजूला उभी राहते, पाहुण्यापुढं राहतात तशी.

हे सगळं मी गिळलं असतं. पण यंदाच्या पितृपक्षात तुमच्या म्हाळाला मी पोचलो नाही. सबंध रजा मिळाली नाही, म्हणून अर्धा दिवस काम करून एसटीनं निघालो. घाटात कंटेनर आडवा झाला होता. आईचा फोन आला, "कुटं हायस?" घाटात, म्हटलं. थोड्या वेळानं परत, "आता कुटं हायस?" घाटातच. कावळा घासाला शिवल्याशिवाय कुणी जेवत नाही हे तुम्हाला काय सांगायचं. भटजी, भावकी, म्हातारी माणसं, सगळी पानावर खोळंबलेली. तिसऱ्या फोनला मीच म्हटलं, ठेवू दे कुणालातरी. हॉटेलवाल्या भावानं पान नेऊन पत्र्यावर ठेवलं. मी पोचलो तेव्हा भांडीसुद्धा घासून झाली होती. आईनं माझं ताट झाकून ठेवलं होतं. मी विचारलं, लय वेळ लागला का शिवायला? ती म्हणाली, "न्हाई रं. ठिवला आन् लगीच शिवला. तुजी वाटबी न्हाई बगितली त्यांनी."

तिनं मला बरं वाटावं म्हणून सांगितलं. मला ते लागलं ते लागलंच. ज्या पोरानं रोज घरी यावं म्हणून तुम्ही रान दिलंत, त्याच्यासाठी एक दिवस थोडं थांबता आलं नाही तुम्हाला? दर वर्षी दहीभाताचा घास बाजूला काढायला लावून अर्धा तास रडवणारे तुम्ही, आणि यंदा दुसऱ्याच्या हातचं लगेच गोड लागलं. मी ते ताट तसंच ठेवून उठलो. बायको म्हणाली, "शिरवळात खोली बघा. रोज येऊन तरी कुठं येताय तुम्ही?" तिच्या आवाजात राग नव्हता, म्हणून मला जास्त राग आला. पण दुसऱ्या आठवड्यात खोली बघितली.

महिना झाला इथं राहतोय. कामावर चालत जातो, अंगठा वेळेवर लागतो. शनिवारी घरी जातो आणि रविवारी निघतो, म्हणजे सुट्टीवर जातो म्हणा ना. हे लिहिलेलं घरी नेणार नाही. आईला वाचता येत नाही, ती मला वाचून दाखवायला लावेल, आणि ते मला जमायचं नाही. ती रोज फोनवर विचारते, परक्या जागी झोप लागती का रं? मी म्हणतो, न्हाई लागत. लागते, आबा. लय गाढ लागते.